जोडसायकलवरचे व्याही

व्याह्यांशी वाद घालू नये, हे सगळ्यांना ठाऊक असतं. व्याह्यांबरोबर एका सायकलवर बसू नये, हे मात्र कुणी सांगून ठेवलेलं नाही. ती वेळ कुणावर येईल असं वाडवडिलांच्या स्वप्नातही आलं नसणार. आमच्या जथ्यातल्या दोघांवर ती आली.

जथा पाच जणांचा. पुढारी म्हणजे बाई. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका असल्यामुळे त्यांना निवडून द्यावं लागलं नाही. पाववाल्याची बेकरी आहे. काळोखात उठून भट्टी पेटवायची सवय असल्यामुळे पहाटे निघायचं म्हटलं की तो कुरकुरत नाही, पण दुपारी पोटात चार घास गेले की उभ्याउभ्या झोपतो. मी सगळ्यांच्या मागे असतो आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. उरलेले दोघे म्हणजे जिनेवाले आणि चष्मेवाले. जिनेवाले लोकांच्या घरांत लाकडी जिने करून बसवतात. चष्मेवाल्यांचं बाजारात चष्म्यांचं दुकान आहे. जिनेवाल्यांच्या मुलाने चष्मेवाल्यांच्या मुलीशी लग्न केलं, हे दोघे व्याही झाले, आणि तेव्हापासून आमच्या जथ्याचा निम्मा वेळ ‘आधी आपण’ आणि ‘छे, छे, आधी आपण’ यात जाऊ लागला.

आमच्याकडे दरवर्षी सायकलींची मोठी सफर निघते. उजाडताना निघायचं, डोंगराला वळसा घालायचा, तळ्याच्या काठाने परत यायचं आणि दिवेलागणीच्या आत चौकात आखलेल्या रेषेवर पोचायचं. अंतर एवढं की ते ऐकून घरचे आधी हसतात आणि मग विम्याचे कागद कुठे ठेवलेत ते विचारतात. एकट्यादुकट्याचं तिथे काम नाही. जथ्याने निघायचं, जथ्याने पोचायचं. वाटेत पांगलात तर पांगलात, पण रेषा ओलांडताना सगळे एकत्र हवेत. एक जरी मागे राहिला तर बाकीच्यांनी रेषेच्या अलीकडे थांबून त्याची वाट बघायची. वेळ संपली की सगळ्यांचीच सफर अपुरी. गेल्या वर्षी आमची अपुरी राहिली, कारण पाववाल्याने एका झाडाखाली ‘पाच मिनिटं’ पाठ टेकली होती. त्या पाच मिनिटांबद्दल बाई अजूनही त्याच्याशी विद्यार्थ्याशी बोलावं तसं बोलतात. यंदा सफर पुरी करायचीच, असं बाईंनी ठरवलं होतं, म्हणजे आम्ही सगळ्यांनी ठरवलं होतं.

जोडसायकल जिनेवाल्यांना एका घराचा जुना जिना उतरवताना माळ्यावर सापडली. मालकाला ती नकोच होती. जिनेवाल्यांनी ती घासूनपुसून उभी केली, तिला लाकडी मडगार्ड बसवले आणि रंग दिला. दोन सीट, दोन पॅडलजोड्या आणि सगळ्यांना एकत्र बांधून ठेवणारी साखळी. पुढच्याच्या हातात हँडल, ब्रेक आणि घंटी. मागच्याच्या हातातही हँडलसारखं काहीतरी असतं, पण ते नुसतं धरायला. ते कुठे वळत नाही. पुढच्याचे पाय फिरले की मागच्याचे फिरतातच, त्याची इच्छा असो वा नसो. थोडक्यात, बऱ्याच घरांत चालतो तोच कारभार.

“व्याही, यंदाची सफर आपण दोघं यावर करायची ना?” जिनेवाल्यांनी विचारलं. जिनेवाल्यांच्या विचारण्याची एक तऱ्हा आहे. त्यांच्या प्रश्नात उत्तर आधीच ठोकून बसवलेलं असतं. समोरच्याने त्यावर फक्त पाय ठेवायचा. चष्मेवाले “वा, वा” म्हणाले. त्या सुमारास त्यांचा गुडघा दुखत होता. पुढे कोण आणि मागे कोण, यावर चर्चाच झाली नाही. मुलाकडचे पुढे बसले.

सफरीला आठवडा उरला असताना चष्मेवाल्यांची मुलगी दुकानात आली. गिऱ्हाईक जाईपर्यंत ती फ्रेमा चढवून आरशात बघत बसली. तेव्हाच चष्मेवाल्यांनी ओळखलं की काम अवघड आहे. तिला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात चांगली जागा मिळाली होती, नवऱ्यालाही तिथे काम मिळत होतं, दोघांनी मिळून जायचं ठरवलं होतं आणि घरही बघून ठेवलं होतं. सगळं झालं होतं. राहिलं होतं ते फक्त जिनेवाल्यांना सांगायचं.

ते मुलाने सांगायचं असं आधी ठरलं होतं. मुलाने ते आईवर सोपवलं. आई म्हणाली, माझ्याच्याने नाही व्हायचं, सूनबाईंना सांगू दे, त्यांचं ते ऐकून घेतात. सूनबाईंनी दोन रात्री विचार केला आणि त्या आपल्या वडिलांकडे आल्या. ओझ्याचं असंच असतं. ते घरंगळत घरंगळत घरातल्या सगळ्यांत मऊ माणसापाशी येऊन थांबतं.

घाई अशासाठी होती की जिनेवाले गेले कित्येक रविवार घालवून आपल्या घरावर मजला चढवत होते. मुलगा आणि सून भाड्याच्या खोलीत राहत, त्यांनी वर राहायला यावं म्हणून. मजला पुरा झाला होता. किल्ली कधी द्यायची हे त्यांनी गुपित ठेवलं होतं, म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. सफर संपली की चौकात, रेषेच्या पलीकडे, सगळ्यांसमोर ते किल्ली सूनबाईंच्या हातात ठेवणार होते.

“अप्पा, चारचौघांत त्यांनी किल्ली पुढे केली तर मी काय करू?” मुलगी म्हणाली. “घेतली तर खोटं वागल्यासारखं. नाही घेतली तर त्यांना तोंड दाखवायला जागा राहणार नाही. त्याआधी तुम्ही सांगा. दिवसभर त्यांच्या पाठीमागेच तर बसणार आहात.”

चष्मेवाले “बघतो” म्हणाले. त्यांच्या धंद्यात हा शब्द फार चालतो.

उजाडताना आम्ही निघालो. बाई पुढे, मग जोडसायकल, मग पाववाला आणि मग मी. मागून बघताना जोडसायकल फार रुबाबदार दिसत होती. जिनेवाल्यांची पाठ ताठ, चष्मेवाल्यांची वाकलेली. जिनेवाल्यांच्या खिशात किल्ली होती आणि चष्माही होता. चष्मा व्याह्यांनीच करून दिलेला, पण लांबचं मला दिसतं, असं म्हणून जिनेवाले तो रस्त्यावर लावत नसत. त्यांचे डोळे दुकानात बसवून चष्मेवाल्यांनी स्वतः तपासले होते. लांबचं त्यांना किती दिसतं हे चष्मेवाल्यांइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण लांबचं मला दिसतं, असं मुलाचे वडील म्हणत असतील तर आपण कोण?

यापुढचं बरंचसं त्या दोघांकडून ऐकलेलं आहे. दोघांच्या हकिगती तंतोतंत जुळतात. फरक एवढाच की चढावर जोर कोण लावत होता, याबद्दल एकमत नाही.

चष्मेवाल्यांनी पहिला प्रयत्न डोंगराच्या चढावर केला. “व्याही,” असं म्हणून त्यांनी श्वास घेतला आणि तो सगळा फुप्फुसांनीच वापरून टाकला. बोलायला उरला नाही. दुसरा प्रयत्न उतारावर. तिथे श्वास होता, पण जिनेवाले त्या वेळी मजल्यावरच्या खिडक्यांबद्दल सांगत होते, आणि खिडक्या संपेपर्यंत उतार संपला. तिसऱ्या वेळी त्यांनी विषय जरा लांबून काढला. हल्लीच्या मुलांना नोकरीसाठी कुठे कुठे जावं लागतं, असं ते म्हणाले. जिनेवाले म्हणाले, अगदी खरं आहे, म्हणूनच आपली मुलं जवळ आहेत हे आपलं नशीब, नाही का? चष्मेवाल्यांनी खाली बघून पॅडल मारलं.

चहा-नाश्त्याच्या मुक्कामावर आम्ही तिघे उतरलो. जोडसायकल थांबली नाही. “थोडं टेकायचं का?” असं जिनेवाल्यांनी विचारलं होतं. “आपण दमला असाल तर,” चष्मेवाले म्हणाले. “छे, मी कसला दमतोय, तुमच्यासाठी म्हणत होतो.” “माझं काहीच नाही.” दोघांच्याही मांड्यांना कापरं भरलं होतं, घशाला कोरड पडली होती, आणि दोघेही एकमेकांच्या मानासाठी मुक्कामावरून पुढे गेले. दुपारच्या मुक्कामावर पुन्हा हेच झालं. अशा रीतीने शिष्टाचाराच्या जोरावर ते आमच्या फार पुढे निघून गेले. पाववाला म्हणाला, “म्हातारे पेटलेत.” बाईंनी त्याला खाऊन झाल्यावर बसू दिलं नाही.

तळ्याच्या अलीकडे, पाण्याच्या टाकीपाशी रस्त्याला फाटा फुटतो. सफरवाल्यांनी तिथे डांबरावर पांढऱ्या रंगाने हातभर लांबीचा बाण काढला होता. बाण डावीकडे होता.

“इथून उजवीकडे ना?” जिनेवाले म्हणाले.

चष्मेवाल्यांना बाण दिसला. पुढच्याच्या पाठीमुळे समोरचं काही दिसत नसलं तरी मागच्याला दोन्ही बाजूंचं चांगलं दिसतं. बाण त्यांच्या पायाखालून डावीकडे गेला, रंग अजून ताजा होता, टोकापाशी जरासा ओघळला होता, इथपर्यंत त्यांनी बघितलं. आणि म्हणाले, “आपण म्हणाल तसं.”

ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. भाऊ असते तर भांडले असते, मित्र असते तर एकाने दुसऱ्याला आंधळा म्हटलं असतं, नवरा-बायको असती तर विचारूच नका. उजवीकडे जायला व्याहीच हवेत. चष्मेवाल्यांनी नंतर असंही कबूल केलं की चुकीचा रस्ता लांबचा असेल, म्हणजे बोलायला सवड मिळेल, असाही एक विचार त्यांच्या मनाला चाटून गेला होता.

रस्ता फारच सुंदर होता. मऊ उतार, पाठीमागून वारा, दोन्हीकडे झाडं. जिनेवाले खूश होऊन म्हणाले की यंदा सफरवाल्यांनी रस्ता चांगला निवडला आहे. चष्मेवाले “हो ना” म्हणाले. सवड भरपूर मिळाली आणि त्यांनी ती सगळी घसा खाकरण्यात घालवली. शेवटी रस्ताच संपला. तिथे दगडांची एक बंद पडलेली खाण होती, तिला लोखंडी फाटक होतं, आणि फाटकाशी खुर्ची टाकून एक रखवालदार कणीस सोलावं इतक्या सावकाशीने संत्रं सोलत होता. त्याने जोडसायकलकडे बघितलं. तो उठला नाही.

“बाण डावीकडे आहे,” तो म्हणाला. “दरवर्षी कुणीतरी येतंच.”

जिनेवाले म्हणाले, बाण नव्हता. रखवालदार म्हणाला, आहे, रंगवणारे पाणी प्यायला इथेच आले होते. मग त्याने संत्र्याची एक फोड तोंडात टाकली, चष्मेवाल्यांकडे बघितलं आणि सहज कुतूहलाने विचारलं की मागे बसणाऱ्याला काम काय असतं.

जिनेवाल्यांनी मान वळवली. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांनी व्याह्यांचं तोंड बघितलं.

“तुम्हाला दिसला होता?”

चष्मेवाले पुष्कळ गोष्टींवर वेळ मारून नेऊ शकतात, पण दिसण्याबाबत खोटं बोलणं त्यांना जमत नाही. दुकानच बंद करावं लागेल. “दिसला होता,” ते म्हणाले.

“मग बोलला का नाहीत?”

“आपण उजवीकडे म्हणालात.”

 वाऱ्याने फाटक एकदा वाजलं. मग जिनेवाले अगदी हळू म्हणाले, “आणखी काय काय दिसलंय तुम्हाला, जे मी म्हणालो म्हणून बोलला नाहीत?”

आता चष्मेवाल्यांना पळायला जागा उरली नाही. पुढे खाण होती. त्यांनी सगळं सांगितलं: इस्पितळ, मुलाचं काम, बघून ठेवलेलं घर. निरोप कुणाकडून कुणाकडे करत आपल्यापर्यंत आला, तेही सांगितलं. मुलं वर राहायला येणार नाहीत, हे वाक्य त्यांनी सर्वांत शेवटी आणि जमिनीकडे बघून म्हटलं. रखवालदाराने संत्रं खायचं थांबवलं होतं.

जिनेवाले ओरडले नाहीत. ओरडतील म्हणून चष्मेवाल्यांनी खांदे आवळून धरले होते, ते तसेच राहिले. जिनेवाल्यांनी सायकल फाटकाला टेकवली, रखवालदाराच्या शेजारी दगडावर बसले आणि त्यालाच सांगू लागले. वर जायचा जिना त्यांनी सुनेच्या पावलावर बेतला होता. जिना करायचा तर चढणाऱ्याचं पाऊल माहीत पाहिजे, नाहीतर माणूस आयुष्यभर अडखळतो आणि दोष स्वतःला देतो. सुनेला, तुझं पाऊल मोजू दे, असं सासऱ्याने कसं म्हणायचं? म्हणून एकदा ती घरी आली असताना त्यांनी ओसरी मुद्दाम ओली करून ठेवली. ती चालत गेली, ओली पावलं उमटली, आणि ती वाळायच्या आत त्यांनी फूटपट्टी लावून माप घेतलं. एका पायाने ती जरा आखूड चालते. लहानपणी घोटा मोडला होता, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पावलांवरून कळलं. पायऱ्या त्या हिशेबाने ठेंगण्या ठेवल्या. त्या जिन्यावर दुसरं कुणी चढलं तर त्याला नाचल्यासारखं वाटेल.

चष्मेवाल्यांना हे काहीच माहीत नव्हतं. घोटा मोडला तेव्हा तिला कडेवर घेऊन तेच धावले होते.

“तुम्ही जा,” जिनेवाले म्हणाले. “मी इथे बसतो. रेषेवर जाऊन मी काय करू? सगळी उभी असतील.”

तिकडे आम्ही रेषेवर पोचलो होतो. म्हणजे रेषेच्या चार हात अलीकडे. आमचा असा समज होता की जोडसायकल आमच्या आधी येऊन थांबली असेल. ती नव्हती. रेषेच्या पलीकडे जिनेवाल्यांच्या घरची मंडळी, म्हणजे विहीणबाई, चिरंजीव आणि सूनबाई उभी होती, आणि तिघांचे चेहरे वेगवेगळ्या प्रकारे पांढरे पडले होते. चष्मेवाल्यांच्या फोनला डोंगराआड रेंज मिळत नाही. जिनेवाले फोन घरीच ठेवतात, कारण फोनवर समोरचा मध्येच बोलतो. बाई घड्याळाकडे बघत होत्या. पाववाला सायकलवर बसल्या बसल्या हँडलवर डोकं ठेवून झोपला होता आणि बाईंनी त्याला झोपू दिलं, यावरून परिस्थिती किती वाईट होती ते कळेल.

खाणीपाशी चष्मेवाले उभे होते. त्यांच्या मनात काय काय आलं ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी एवढंच सांगितलं की दिवसभरात पहिल्यांदा त्यांना व्याह्यांची पाठ नाही, तर उतरलेले खांदे दिसत होते, आणि त्या खांद्यांना ‘आपण म्हणाल तसं’ म्हणता येईना.

“उठा,” ते म्हणाले.

जिनेवाल्यांनी वर बघितलं. हा आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता.

“उठा, व्याही. तिथे तिघं आपल्यासाठी खोळंबलीत आणि घरची तिघं वेगळी. बसायचं असेल तर रेषेच्या पलीकडे जाऊन बसा. चष्मा लावा. आणि मागे बसा.”

“मागे?”

“मागे. मी पुढे बसतो.”

रखवालदाराने संत्र्याच्या उरलेल्या फोडी दोघांच्या हातावर ठेवल्या. त्याला हा सगळा कार्यक्रम आवडला असावा.

पुढची सीट जिनेवाल्यांच्या उंचीची होती, त्यामुळे चष्मेवाल्यांना पॅडल गाठायला दर फेरीला एका बाजूला झुकावं लागत होतं. मघाचा मऊ उतार आता चढ झाला होता आणि मघाचा पाठचा वारा तोंडावर येत होता. मागे बसलेल्या जिनेवाल्यांनी आधी दोनदा ब्रेक शोधला. मग घंटी शोधली. मग हँडल वळवून बघितलं आणि ते वळत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. चष्मा लावल्यामुळे त्यांना सगळं लख्ख दिसत होतं, म्हणजे व्याह्यांच्या सदऱ्याची वीण दिसत होती आणि बनियनचं बाहेर आलेलं लेबल दिसत होतं.

“इथून माणसाला काहीच करता येत नाही,” ते म्हणाले.

“नाही,” चष्मेवाले म्हणाले. “सवय लागते.”

 जोडसायकलवर रुसता येतं, पण उठून जाता येत नाही. रुसलेल्याचे पायसुद्धा गोल फिरतच राहतात. मात्र तो जोर लावतोय की नुसता पाय ठेवून बसलाय, हे पुढच्याला पायातून कळतं. चष्मेवाल्यांना कळत होतं. चढावर ते एकटेच दोघांना ओढत होते. सकाळपासून हाच संशय जिनेवाल्यांना त्यांच्याबद्दल होता, ही गोष्ट वेगळी.

मग मागून आवाज आला. समोर चेहरा नसला की काही गोष्टी विचारता येतात, हे आता जिनेवाल्यांना समजलं असावं. “पोरगा मला का नाही बोलला, व्याही? मी काय त्याला खाल्लं असतं?”

चष्मेवाल्यांना दम लागला होता, त्यामुळे त्यांनी गोड करून सांगितलं नाही. “तुम्ही विचारत नाही हो. तुम्ही कळवता. मला गुडघा दुखतो हे तरी तुम्हाला कुठे माहीत आहे?”

“दुखतो?”

“तुम्ही ही सायकल आणलीत तेव्हापासून.”

 पाण्याची टाकी दिसू लागली होती आणि ऊन उतरून झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. चष्मेवाल्यांचा गुडघा आता स्वतंत्रपणे ओरडत होता. हा चढ आपल्याच्याने संपणार नाही, असं त्यांनी मनाशी कबूल करून टाकलं. आणि मग एकाएकी पॅडल हलकं झालं. त्यांना वाटलं साखळी तुटली. साखळी शाबूत होती. मागून जोर येत होता, आणि असा येत होता की पुढच्याने नुसते पाय ठेवले तरी चालावं. चष्मेवाल्यांनी मागे वळून बघितलं नाही. जिनेवाल्यांचं नाक ओढल्याचा आवाज त्यांनी ऐकला, पण वारा होता, वाऱ्याने नाक वाहतं.

फाट्यावर जिनेवाल्यांनी बाण बघितला. “केवढा मोठा काढलाय,” ते म्हणाले.

चौकात सफरवाल्यांनी झेंडे काढायला सुरुवात केली होती. बाईंचं घड्याळ धरलेला हात खाली आला होता. तेवढ्यात वळणावर लाकडी मडगार्ड चमकले. पाववाला ओरडण्यासाठी जागा झाला. सगळ्यांत आधी विहीणबाईंच्या लक्षात आलं की काहीतरी उलटं आहे. “हे मागे कसे?” त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. चष्मेवाले दर फेरीला एका बाजूला झुकत, पाय अपुरे पडत, पण ब्रेकवर दोन्ही हात ठेवून आले. बाईंनी फक्त “चला” म्हटलं. आम्ही पाचही जणांनी मिळून ते चार हात ओलांडले. वेळ संपायला थोडा अवकाश होता. किती थोडा, ते बाईंनी आम्हाला सांगितलेलं नाही. शिक्षेचा भाग म्हणून राखून ठेवलंय.

सफर पुरी झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सूनबाईंनी आपल्या वडिलांकडे बघितलं, सांगितलंत का, असं. चष्मेवाल्यांनी मान डोलावली.

जिनेवाले सायकलवरून उतरले. त्यांचे पाय त्यांचं ऐकत नव्हते, त्यामुळे ते लाकडी मडगार्डला धरून उभे राहिले. त्यांनी खिशात हात घातला. चिरंजीव एक पाऊल मागे सरकले. जिनेवाल्यांनी किल्ली काढली, लाल दोऱ्यात ओवलेली, तिच्याकडे जरा वेळ बघितलं, आणि ती विहीणबाईंच्या हातात दिली. तुझ्या बहिणीला यायचं असतं ना अधूनमधून, तिला राहू दे वर, असं त्यांना म्हणाले. मग ते सूनबाईंकडे वळले.

“तिकडच्या घराला जिना आहे?”

 “आहे, बाबा.”

“कसा आहे?”

“फार उभा आहे.”

जिनेवाल्यांच्या तोंडातून पुढचं वाक्य येऊ घातलं होतं. आम्ही सगळ्यांनी ते येताना बघितलं. मी रविवारी येतो आणि तो बदलून टाकतो, हेच ते वाक्य, हत्यारांसकट. ते ओठांपर्यंत आलं. जिनेवाल्यांनी एकदा चष्मेवाल्यांकडे बघितलं, मडगार्डवरची पकड घट्ट केली आणि वाक्य गिळलं.

“मी येऊ का बघायला?” ते म्हणाले. “कधी येऊ?”

आणि थांबले. त्यांना ही सवय नव्हती, त्यामुळे थांबताना ते थोडे पुढे झुकले होते.

सूनबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने आईकडे बघितलं. आईने किल्लीकडे बघितलं. शेवटी तिघांनीही एकदम चष्मेवाल्यांकडे बघितलं. चष्मेवाले रस्त्याच्या कडेला बसून गुडघा चोळत होते.

“माझ्याकडे बघू नका,” ते म्हणाले. “मी आज खूप बोललोय.”

मग चिरंजीवांना बोलावं लागलं. त्यांनी आधी चपलेकडे बघून सुरुवात केली, मग वर बघितलं. “लगेच नको, बाबा,” ते म्हणाले. “आधी आम्हाला तिथे रुळू दे. आम्ही कळवू. मग या.”

जिनेवाल्यांनी हे ऐकून घेतलं. किती वेळ लागला ते मी सांगत नाही, पण पाववाल्याला तेवढ्यात पुन्हा डुलकी लागली. मग ते “बरं” म्हणाले. एवढंच. विहीणबाईंनी नंतर सांगितलं की इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी हा शब्द नवऱ्याच्या तोंडून ऐकला नव्हता, म्हणून त्यांनी आधी कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं.

सायकल घरी न्यायची होती. जिनेवाल्यांनी हँडल धरलं, मग सोडलं, आणि बाजूला झाले. चष्मेवाले लंगडत आले, म्हणाले, आपणच घ्या. जिनेवाले म्हणाले, छे, छे, आधी आपण. चौकातले दिवे लागले तरी दोघे सायकलच्या दोन बाजूंना उभे होते. शेवटी सूनबाई पुढे आल्या आणि त्यांनी सायकल ढकलत नेली. चालताना एक पाऊल त्या जरा आखूड टाकत होत्या. मागून येणारे दोघेही व्याही तिकडेच बघत होते, आणि या खेपेला दोघांनाही ते दिसत होतं.